सव्वा मूठ गहू

लोणखेड्यात मी भाड्याने राहते त्या खोलीच्या खाली पिठाची गिरणी आहे. वर्षभर तिचा आवाज मला ऐकूसुद्धा येत नाही, इतकी सवय झाली आहे. पण श्रावणात एक शनिवार असा येतो की सकाळी ती सुरूच होत नाही, आणि त्या शांततेनेच मला जाग येते. खाली गिरणीवाला जातं उघडून झाडत-पुसत असतो, जुन्या पिठाचा कण म्हणून ठेवत नाही. मग धुतलेल्या डब्यांवर स्वच्छ फडकी बांधून बाया रांगेत उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी कानबाई बसणार असते, आणि त्या दिवशी तिथे रोटांशिवाय दुसरं काहीच दळलं जात नाही. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहते आणि डबे बघते. बाईने डबा कसा धरला आहे त्यावरून तिच्या घरात माणसं किती हे मला ओळखता येतं. कमरेवर घेतलेला असला की मोठं कुटुंब, एका हातात सहज लोंबत असला की नवरा-बायको दोघंच. माझ्या हातात कप असतो.

खानदेशाबाहेरच्यांना हे सांगायला हवं. कानबाई ही आमच्याकडची देवी. श्रावणातल्या एका रविवारी ती घरी येते, सोमवारी नदीवर जाते, आणि तेवढ्यासाठी सुरत-पुण्याला पांगलेली माणसं गावी परततात. तिच्या नैवेद्याला जाड रोट लागतात, आणि त्यांचा गहू वजनाने घेत नाहीत. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. एक भरलेली मूठ, आणि वर चिमटीत येईल तेवढा पाव. काही घरांत नुसत्या पुरुषांच्या नावाने घेतात. आमच्याकडे बायकांच्या नावानेही घेतात, एवढा आमच्या पूर्वजांचा मोठेपणा. लेकींच्या मात्र लग्न होईपर्यंतच. लग्न झालं की तिची मूठ सासरी. आणि रोट खायचे ते ज्यांची मूठ पडली त्यांनीच. पाहुण्याला, शेजाऱ्याला द्यायचे नाहीत.

माझं सासर नवापूरचं. तिथे आठ वर्षं राहिले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन सारंगखेड्याला आई-वडिलांकडे परत आले. मारहाण नव्हती, दारू नव्हती, सासूचा जाच नव्हता. दोन माणसं एका घरात राहत होती आणि हळूहळू एकमेकांशी बोलेनाशी झाली, एवढंच. भांडण असतं तर गावाला समजावणं सोपं गेलं असतं. काहीच झालं नाही आणि तरी मी आले, हे कोणाच्या पचनी पडेना. लोक वडिलांना विचारायचे आणि वडील खोकायचे.

मी आले त्याच वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. शुक्रवारची दुपार होती. ओसरीवर सूप मांडलं होतं, शेजारी निवडलेल्या गव्हाची पाटी. आमचे आबा, म्हणजे वडील, मुठी भरत होते. स्वतःचं नाव, आईचं, दादाचं, वहिनीचं, आणि तेव्हा सहा वर्षांच्या कृतिकाचं, म्हणजे दादाच्या मुलीचं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. पाच मुठी झाल्या आणि आबांचा हात पुन्हा पाटीत गेला. मूठ भरली. वर आली. सुपाकडे वळली, थांबली, आणि मग पाटीवरच उघडली. गहू परत गव्हात पडला. आईने सूप उचललं आणि मी आत जाऊन चुलीपुढे बसले. त्या वर्षी सगळे रोट खात होते तेव्हा मी वरण-भात खाल्ला. सासरी तर माझी मूठ आता कोणी घेणार नव्हतंच. जगात कुठल्याच सुपात माझ्या नावाचा दाणा नाही, हे मला त्या दुपारी कळलं आणि ते मी चौदा वर्षं कोणाला बोलून दाखवलं नाही.

पुढच्याच वर्षी लोणखेड्याच्या कॉलेजात गणित शिकवायची नोकरी लागली आणि मी इथे राहायला आले. कानबाईला गावी जात राहिले, पण सोमवारी, नदीवर. मोजायच्या दिवशी काही ना काही काम काढायचे.

आता त्या खेळाबद्दल. हा लेख खरं तर त्याच्याबद्दलच लिहायला घेतला होता, पण गिरणी मधे आली.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय. आई त्याआधीच गेलेली. दादा-वहिनी शेतात, म्हणून श्रावणात मी तीन आठवड्यांची रजा टाकून आबांपाशी बसायला गेले. दुपारी बारा ते पाच ओसरीवर आम्ही दोघंच. समोर पपईच्या बागेवर पाऊस पडत राहायचा, तापी फुगलेली असायची आणि आबा कधी झोपायचे, कधी नुसतेच आढ्याकडे बघायचे. कृतिका सुरतला शिकते. ती सुटीवर आली होती तेव्हा तिने माझ्या मोबाईलवर एक गेम टाकून दिला. फुई, तुला पेपरातली कोडी आवडतात ना, मग हे खेळ, म्हणाली. फुई म्हणजे आत्या. त्या गेमची गोष्ट काय आहे हे तिला ठाऊक होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

नाव सांगत नाही. कोणी शोधून खेळायचं आणि नाही आवडलं तर दोष माझ्या माथी. गोष्ट अशी की चाळिशीतली एक बाई घर रिकामं करते आहे. नवरा-बायको वेगळे होताहेत. सात खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दोन खोकी, एक तिचं, एक त्याचं. खोलीतल्या वस्तू या दोन खोक्यांत बसवायच्या. नियम कुठेच लिहिलेले नाहीत. चहाचे कप एकात एक बसतात पण त्यातला एक त्याच्या खोक्यात राहतच नाही, कारण तो तिला कोणीतरी दिलेला असतो, आणि हे कळायला आधी शेजारच्या खोलीतलं पत्र वाचावं लागतं. चुकलं तर घंटा वाजत नाही, गुण जात नाहीत. बाई फक्त खाली बसते. मग आपण वाट बघायची, ती उठेपर्यंत.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक खोलीत एक वस्तू उरते. ती कुठल्याच खोक्यात जात नाही. स्वयंपाकघरात एक झाकण उरतं, ज्याचं भांडंच घरात नाही. बैठकीत चष्म्याची रिकामी डबी. ती वस्तू बाईने हातात घेतल्याशिवाय पुढच्या खोलीचं दार उघडत नाही. मला पहिल्या खोलीत वाटलं, माझंच काही चुकलं. चार दुपारी ते झाकण मी कुठे कुठे बसवून पाहिलं. जन्मभर मुलांना सांगत आले की बाकी उरली तर घाबरू नका, खाली लिहा आणि पुढे चला. स्वतःच्या बाबतीत मात्र मला सगळ्याला निःशेष भाग जायला हवा असतो.

इंटरनेटवर लोकांनी या गेमला पुष्कळ नावं ठेवली आहेत. कोडं सुटल्याचा आनंदच मिळत नाही, हा काय खेळ झाला, असं एकाने लिहिलं आहे. त्याचं बरोबर आहे. दुसऱ्या एकाने लिहिलं आहे की तो बायकोबरोबर खेळायला बसला आणि तिसऱ्या खोलीत दोघांनी मुकाट्याने बंद केला. त्याचंही बरोबर असावं. माझं म्हणाल तर, संगीत जास्त आहे. जिथे आपल्याला आपोआप वाईट वाटणार असतं तिथे ते व्हायोलिन आधीच रडायला लागतं. दुसरी खोली उगाच लांबवली आहे. आणि नवऱ्याला चेहरा दिलेला नाही, हे मला अजिबात पटलं नाही. तो सदा पाठमोरा, कधी खिडकीशी, कधी फोनवर. बिनचेहऱ्याच्या माणसाला सोडणं अवघड नसतं. माझ्या नवऱ्याला चेहरा होता. चांगला होता. भात कालवताना तो डोळे बारीक करायचा, ते मला अजून आठवतं.

पाचवी खोली लहान आहे. भिंतींना फिकट पिवळा रंग. तिथे वाटणी करायला काहीच नाही, खोकी आधीपासूनच बंद आहेत. खिडकीवर फक्त एक लोकरीचं टोपडं आहे, मुठीएवढं. कोणी काही सांगत नाही. कोडं नाहीच मुळी त्या खोलीत, ते टोपडं घ्यायचं आणि निघायचं. मी त्या खोलीत दोन दुपारी काढल्या. आम्हालाही मूल झालं नव्हतं. झालं नव्हतं एवढंच मी आजवर लोकांना सांगत आले आहे. एकदा तिसऱ्या महिन्यापर्यंत गेलं होतं, आणि त्यानंतरच आमचं बोलणं थांबलं. ज्यांनी तो गेम बनवला त्यांना नवापूरचं आमचं घर ठाऊक असायचं कारण नाही, तरी मी त्यांच्यावर रागावले आणि मोबाईल उशीखाली ठेवून दिला.

त्या दुपारी आबांनी पहिल्यांदा विचारलं की मी रोज त्या मोबाईलात काय करते. त्यांची जीभ थोडी जड झाली होती, पण समजायचं. मी सांगितलं, एक बाई आहे, घर सोडून निघाली आहे. आबांना गोष्टींची आवड. मग रोज तेच. जेवण झालं की विचारायचे, बाई कुठवर आली. मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरायचे. त्यांचीही मतं होती. एवढं सामान दोन माणसांना कशाला लागतं, हे पहिलं. नवरा नुसता उभा का, खोकं उचलायला हात लावत नाही का, हे दुसरं. मग एकदा त्यांनी विचारलं की ही बाई कोणाशी बोलत का नाही. मी म्हटलं, या गेममध्ये बोलणं नाहीच आहे, सगळं वस्तूंवरून समजून घ्यायचं.

‘‘मंग कोनले कसं समजी?’’ आबा म्हणाले.

मी हसले. म्हाताऱ्या माणसाला हे नव्या प्रकारचं काही कळायचं नाही, असं मनात म्हटलं.

सातव्या खोलीत मी अडकले. तिथे बाहेरचं दार आहे, साधी कडी आहे, आणि बाईचे दोन्ही हात भरलेले. झाकण, डबी, टोपडं, एक किल्ली, जुनं कॅलेंडर, आणि सहाव्या खोलीतला तिचा स्वतःचा फोटो. कडीला हात लावायला गेलं की ती थांबते. आतापर्यंतच्या खेळाने शिकवलं होतं की उरलेलं हातात घेतल्याशिवाय दार उघडत नाही. मी कॅलेंडरात डबी गुंडाळून पाहिली, टोपड्यात किल्ली घालून पाहिली. चार दिवस. आबांना कंटाळा आला असावा. त्यांनी डावा हात उचलला आणि बोट खाली दाखवलं.

‘‘हात भरेल शेतस तिन्हा. ठेवी दे ना खाले.’’

मी ठेवलं नाही. ठेवलं तर हरलो असं होईल, इथवर आणून टाकायचं कसं, असं काहीबाही त्यांना सांगत राहिले. बोलता बोलता माझाच आवाज चढला, आणि मग मी जे विचारायचं नव्हतं ते विचारून बसले. त्या वर्षी माझी मूठ भरून परत का टाकली, असं. चौदा वर्षांनी, पपईच्या बागेकडे बघत.

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आठवत नसेल. आठवत होतं.

‘‘तू परत जाशी असं वाटे माले,’’ ते म्हणाले. ‘‘आठे तुन्ही मूठ लिधी म्हंजे तठली बंद. मंग तुन्हा रस्ता मीच मोडा असं व्हतं. म्हनीसन सोडी दिधी.’’

एका माणसाची मूठ दोन घरी पडत नाही. त्यांनी माझी मूठ इथे टाकली असती तर नवापूरची जागा त्यांच्याच हाताने पुसली गेली असती. म्हणून त्यांनी ती उघडी ठेवली. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, ते थांबत राहिले. मी समजत होते की या घराने मला मोजलं नाही, आणि ते समजत होते की ते माझ्यासाठी एक दार उघडं ठेवताहेत. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं, आणि पाऊस मोठा होता म्हणून बरं झालं.

त्या शुक्रवारी चौदा वर्षांत पहिल्यांदाच मी मोजणीला थांबले. आबांची मूठ मिटत नव्हती, म्हणून दादा सुपापुढे बसला आणि आबा खुर्चीवरून नावं सांगत होते. घरात माणसं चारच उरली होती. दादाची झाली, वहिनीची झाली, कृतिकाची झाली. चौथी मूठ भरून दादाने आबांकडे पाहिलं. चौथी त्यांचीच असणार होती.

‘‘हाई निमानी,’’ आबा म्हणाले. ‘‘मन्ही इले दिधी.’’

निमा मी. ‘मन्ही’ म्हणजे माझी; स्वतःची मूठ ते मला देत होते. दादाने एकदा वहिनीकडे पाहिलं. भाऊबंदांना सांगायला सोपं होतं, मुठी होत्या तेवढ्याच राहिल्या. त्याने गहू सुपात टाकला आणि वर चिमूटभर पाव टाकला. रविवारी मी रोट खाल्ला आणि आबांनी वरण-भात. मी माझ्यातला तुकडा मोडून दिला तर त्यांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम.

सोमवारी नदीवरून आल्यावर मी तो गेम उघडला आणि बाईच्या हातातलं एक एक सामान खाली ठेवलं. साध्या फरशीवर, कुठलंही खोकं नाही. काही वाजलं नाही, काही चमकलं नाही. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा तिने कडी काढली आणि ती निघून गेली. गंमत म्हणजे खेळ आपल्याला तिच्यामागे जाऊ देत नाही. आपण आतच राहतो, त्या सहा वस्तूंपाशी, उघड्या दाराकडे बघत. असा शेवट करायला धाडस लागतं, हे मी मानते.

आबा मार्गशीर्षात गेले. घोड्यांची जत्रा भरलेली होती. गावात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीतून वाट काढत आम्ही त्यांना नदीवर नेलं. जत्रेला आलेली अनोळखी माणसं घोड्यांचे लगाम धरून बाजूला उभी राहिली, काहींनी फेटे काढले. मी लोणखेड्याला परत आले तेव्हा घरमालकिणीने विचारलं, जत्रा कशी झाली. मी म्हटलं, चांगली झाली. खोलीत आले आणि लक्षात आलं की आता मला दुपारी ‘बाई कुठवर आली’ असं विचारणारं कोणी नाही. एकटं राहायची मला सवय आहे, निदान मी तसं म्हणते. पण एकटं राहणं वेगळं आणि कोणाच्याच मोजणीत नसणं वेगळं, आणि हे दुसरं मला कधीच जमलं नाही.

मधल्या काळात मी तो गेम पुन्हा दोनदा खेळले. तिसऱ्यांदा खेळताना माझं मत बदललं. जाणकारांनी त्यातल्या अबोलपणाची फार तारीफ केली आहे. ती बाई अवघ्या खेळात एक शब्द उच्चारत नाही, त्याला ते संयम म्हणतात. मीही म्हणत होते. आता मला ती त्या खेळातली सगळ्यात मोठी खोट वाटते. सात खोल्या, एक पाठमोरा माणूस, आणि तिने एकदाही हाक मारून पाहिली नाही. त्याने वळून पाहिलं असतं की नाही हा प्रश्न पुढचा. आबांना हे दोन दुपारींत कळलं होतं आणि मी त्यांना हसले होते.

यंदा आबांना जाऊन वर्ष भरलेलं नव्हतं, तरी कानबाई चुकवायची नाही असं भाऊबंदांनी ठरवलं. साधीच करायची. मी शुक्रवारी सकाळीच बसने गावी गेले. ओसरीवर तेच सूप, तीच पाटी. आबांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, तिच्यावर धुतलेली गोधडी वाळत होती. दादा सुपापुढे बसला. वहिनी शेजारी, कृतिका सुरतहून आलेली, तिचा हात माझ्या खांद्यावर. मी त्याच चौकटीला टेकून उभी होते.

दादाने आपलं नाव घेतलं, मूठ टाकली, पाव टाकला. वहिनीचं. कृतिकाचं. तीन मुठींचा ढीग सुपात कसा दिसतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. सुपाचा तळ सगळा उघडा होता. दादाने हात झटकले आणि गहू सपाट केला. त्याने मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो साधा माणूस आहे. चौथी मूठ आबांची होती आणि आबा गेले, एवढंच त्याच्या मनात होतं. मागच्या वर्षी ती कोणाच्या नावाने पडली हे तो विसरला होता, किंवा त्या एका वर्षापुरतंच होतं असं त्याला वाटलं असेल. वहिनीने सूप उचलायला हात पुढे केला.

गप्प राहणं मला येतं. एकदा गप्प राहिले तर चौदा वर्षं गेली, आणि यावेळी सांगायला आबा नव्हते.

‘‘दादा,’’ मी म्हटलं, ‘‘एक मूठ ऱ्हायनी.’’

दादाने मान वर केली. त्याची नजर आधी खुर्चीकडे गेली, मग भिंतीवरच्या फोटोकडे, आणि त्याचे डोळे भरून आले.

‘‘आबानी?’’ तो म्हणाला. ‘‘आते कशी लेवानी, निमा?’’

‘‘आबानी नही,’’ मी म्हटलं. ‘‘मन्ही.’’